पाकिटावरचा चेहरा

मसाल्याच्या नव्या पाकिटावर मी माझाच फोटो छापून घेतला. हात जोडलेला. लालबागचं आमचं दुकान माझं आणि मोठ्या भावाचं, निम्मं-निम्मं. पण छपाईवाला म्हणाला, एवढ्याशा पाकिटावर एकच चेहरा बसेल. आणि तिथे त्या वेळी माझाच हजर होता.

दादाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "मसाला मी भाजायचा आणि थोबाड तुझं?"

इथे 'चुकलं' म्हटलं असतं तर विषय संपला असता. मी म्हणालो, "गिऱ्हाईक चेहरा बघून येतं, दादा. भाजणाऱ्याला कोण बघतं?"

दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली. दादानेच सुतार आणला, सुताराला चहा मात्र मी पाजला. अबोला सुताराशी नव्हता.

आता दादाला भाजता येतं, बोलता येत नाही. मला बोलता येतं, बाकीचं विचारू नका. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, वर्षाचा मसाला करून घ्यायच्या दिवसांत, फळीपलीकडे दादा "घ्यायचं तर घ्या" म्हणत गिऱ्हाइकं घालवत होता आणि अलीकडे मी गोड बोलून आणलेली गिऱ्हाइकं एकदा माझा मसाला खाऊन पुन्हा फिरकत नव्हती. असंच चाललं तर वडिलांचं दुकान दिवाळीपर्यंत मोबाईलवाल्याला भाड्याने द्यावं लागेल, हे मला दिसत होतं. दादालाही दिसत असणार. पण आधी बोलायचं कोणी?

अशात चिंचपोकळीच्या मावशी आल्या. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मिरच्या घरून वाळवून आणायच्या आणि मसाला होईपर्यंत स्टुलावर बसून कढईवर नजर ठेवायच्या. त्या दिवशी दादा काहीतरी खेकसला म्हणून माझ्या बाजूला आल्या. मी कढईत धणे टाकले आणि सवयीने गप्पांना बसलो.

फळीपलीकडून आवाज आला, "मावशी, त्याला सांगा, गॅस बारीक कर."

"मी कित्याक सांगू? तुझो भाव मा तो? तूच सांग."

पलीकडे डबा आपटला. अलीकडे धूर. कढईवरून नजर न हलवणाऱ्या मावशींना तो कसा दिसत नव्हता, कोण जाणे.

"अरे गाढवा, करपतायत ते!"

फळी लागल्यापासून दादा माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. मला इतका आनंद झाला की गॅस बंद करायचं राहूनच गेलं. दादा वळसा घालून आला, माझ्या हातातलं उलथनं हिसकावलं, धणे कचऱ्यात ओतले आणि नवे टाकले.

"जा, तिकडे एक बाई कधीच्या ताटकळतायत. मला नाही जमत ते."

मी गेलो. त्या हळद घ्यायला आल्या होत्या, गरम मसालाही घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत मी दादाच्या बाजूला आणि दादा माझ्या.

शटर ओढताना त्याने एक पाकीट उचललं. "नाक केवढं आलंय रे तुझं."

"पुढच्या वेळी दोघांचा फोटो टाकू?"

"माझा नको. भाजतं कोण, तेवढं लिही."

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. दादा कसा विरघळला, मी कसं जमवून आणलं. तिने माझ्या शर्टाचा वास घेतला आणि म्हणाली, "मग उद्या ती फळी काढताय, की रोज धणे जाळताय?"