नोव्हेंबरातली भाऊबीज

मी पाटबंधारे खात्यातला हेडक्लार्क. अलिबागच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली. कुणाचा अर्ज हातात आला की कुठली सही राहिलीय, कुठला दाखला जोडलेला नाही, हे मी पानं न उलटता सांगायचो. सांगताना समोरच्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडायचो नाही, तेही कबूल करतो. निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि न्यूझीलंडला असणारा मुलगा मला तिकडं घेऊन गेला. त्याला आता तेरा वर्षं होतील. मी गेलो, पण माझी पेन्शन अलिबागच्या बँकेतच राहिली.

लोक म्हणतात, मुलाकडं सगळं आहे, याला पेन्शनीची एवढी काय पडलीय? अहो, मुलाकडं असणं वेगळं आणि आपल्या खिशात असणं वेगळं. नातीच्या वाढदिवसाला सुनेकडून पैसे घेऊन सुनेच्याच घरात खेळणं आणायचं, हे मला या जन्मात जमलं नसतं. तेव्हा पेन्शन चालू राहिली पाहिजे, आणि ती चालू राहायची तर दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायला पाहिजे. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. बँकेत यादी येते, आपल्या नावासमोर सही ठोकायची, झालं.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. तिकडच्या वकिलातीत जाऊन शिक्का मारून घेतला आणि कागद पोस्टानं पाठवला. बँकेनं तो परत केला. का? सही जुळत नाही! बायको गेल्यापासून माझा हात थोडा थरथरतो, त्यामुळं सहीचं शेपूट वाकडं झालं होतं. तीन महिने पेन्शन बंद. त्या तीन महिन्यांत मी मुलाच्या घरात इतका कानकोंडा होऊन वावरलो, की चहात दुसऱ्यांदा साखर घालायचीसुद्धा लाज वाटायची. तेव्हाच ठरवलं, यापुढं दर नोव्हेंबरात स्वतः जायचं, साहेबाच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सही करायची.

आता ताईविषयी सांगतो. ताई माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिशीच्या आतच विधवा झाली, मूलबाळ नाही. तेव्हा चौलला माहेरी परत आली ती आजपर्यंत तिथंच आहे. वडिलांची नारळी-पोफळीची वाडी तीच बघते. पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अचानक कसा काय येतोस रं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊबीज नाही का? तुझ्याकडून ओवाळून घ्यायला येतोय."

एवढंच वाक्य. बँकेचं नाव काढलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्या वर्षी दिवाळी नेमकी नोव्हेंबरात होती, आणि मला ते सुचलं, आणि सुचलं म्हणून मी माझ्यावरच खूश झालो. ताईनं आळीभर सांगितलं, भाऊ साता समुद्रापलीकडून भाऊबीजेला येतोय. मी गेलो तर बायका दारात बघायला उभ्या! मी आपलं ओवाळून घेतलं, ताटात साडी घातली, दुसऱ्या दिवशी "जरा अलिबागला चक्कर मारून येतो" म्हणून सटकलो आणि यादीवर सही करून आलो. ताईला म्हटलं, जुने मित्र भेटले.

एकदा बोललं ते बोललं, मग दरवर्षी तेच. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर एकही नोव्हेंबर चुकवला नाही. पण दिवाळी काय दरवर्षी नोव्हेंबरातच येते? अधूनमधून ती ऑक्टोबरातच उरकते. आणि बँकेची यादी एक नोव्हेंबरच्या आधी उघडत नाही. मग मी सांगायचो, तिकिटं मिळाली नाहीत, मुलाला रजा नव्हती, पोट बिघडलं होतं. ताई म्हणायची, "असूं दे रे. तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज करायला चालती. मी थांबते." आणि ती थांबायची. सगळ्या आळीची भाऊबीज होऊन कंदील उतरलेले असायचे, आणि ही माझ्यासाठी दहा-बारा दिवसांनी पुन्हा करंज्या तळायची. मी त्या हादडायचो आणि अलिबागला चक्कर मारून यायचो.

हे झालं वर्षातल्या एका आठवड्याचं. बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांचं सांगायला मला जास्त जड जातं.

बँकेच्या खात्याला माझा इथला जुना मोबाईल नंबर जोडलेला. तिकडं राहायला गेल्यावर बँकेला तसं कळवायला पाहिजे, खात्याचा प्रकार बदलून घ्यायला पाहिजे, हे मला न कळण्याइतका मी अडाणी नाही. पण त्यात चाळीस कागद, आणि पेन्शन पुन्हा अडकली तर? म्हणून दर वेळी फॉर्म भरताना "सध्याचा पत्ता" या रकान्यात मी मुक्काम पोस्ट चौल असंच लिहीत आलो. दुसऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला कचेरीच्या पायरीवरून हाकलला असता. आणि तो नंबर जिवंत राहावा म्हणून ते सिमकार्ड एका जुन्या फोनात घालून फोन ताईकडं ठेवला. दर महिन्याला नाक्यावर जाऊन रिचार्ज तिनं करायचा. मला पैसे हलवायचे असले की ओटीपी त्या फोनवर जाणार, आणि तो तिनं मला दुसऱ्या फोनवरून वाचून दाखवायचा.

तिकडं माझं दुपारचं जेवण आटोपतं तेव्हा चौलला पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मला दुपारीच वेळ बरा पडायचा, म्हणून मी तेव्हाच फोन करायचो. घरात रेंज नसते, विहिरीच्या कठड्यापाशी येते. सत्तरी ओलांडलेली बाई हातात दोन फोन धरून पहाटे विहिरीपाशी उभी, आणि मी तिकडून, "हं, वाच. लवकर वाच." ताई शिकलेली चौथीपर्यंत, आकडे मराठी. इंग्रजी नऊ दिसला की ती "एक" म्हणायची. वेळ निघून जायचा, ओटीपी वाया. एकदा मी चक्क ओरडलो, "सहा आकडे वाचता येत नाहीत तुला? काय करतेस काय दिवसभर?"

"परत पाठव," एवढंच ती म्हणाली. त्या नोव्हेंबरात गेलो तर चुलीमागच्या भिंतीवर पेन्सिलीनं दोन ओळी काढलेल्या. वर इंग्रजी आकडे, खाली मराठी. शेजारणीकडून लिहून घेतले होते आणि रोज गिरवत होती. मी हसलो. म्हटलं, "काय ताई, या वयात परीक्षेला बसतेस की काय?" तीही हसली. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. वर्षभरात मी तिला फोन किती केले असतील? पुष्कळ. आणि त्यातले ओटीपीशिवायचे किती? मला आठवत नाही म्हणजे नसणारच.

दोन वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, हयातीचा दाखला आता मोबाईलवरून होतो. कॅमेऱ्यासमोर बसायचं, डोळ्यांची उघडझाप करायची, बस्स." मला आधी खरंच वाटलं नाही. मग वाटलं, सुटलो! चोवीस तासांचा प्रवास नाही, सुजलेले पाय नाहीत, तिकिटाचा खर्च नाही. ताईचं नाव माझ्या मनात आलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही कशासाठी, तर त्या कामालासुद्धा ओटीपी लागणार होता म्हणून.

केला फोन. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दिवाळी चार दिवसांवर. ताई विहिरीपाशी गेली आणि या वेळी तिनं सहाच्या सहा आकडे घडाघडा वाचले. एकही चूक नाही. "बरोबर हाय ना?" असं वर खुशीत विचारलंन्. मी म्हटलं, "हो, झालं काम." तिनं विचारलं, "आणि येतोस कवा? मी नारळ काढून ठेवलेत." मी म्हणालो, "बघतो. तिकिटं फार महाग झालीत या वर्षी." फोन ठेवला, कॅमेऱ्यासमोर बसलो, डोळे मिचकावले. मी जिवंत असल्याचं मान्य झालं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं पाठवलेला व्हिडिओ फोनवर आलेला होता. तिन्हीसांजेला ताई अंगणात उभी आहे, नेसूची साडी मीच आदल्या वर्षी ताटात घातलेली. पोफळींच्या वर बीजेची कोर दिसतेय आणि ती चंद्राला ओवाळतेय. आमच्याकडं ज्या बायकांना भाऊ नसतो किंवा ज्यांचा भाऊ येऊ शकत नाही, त्या चंद्राला ओवाळतात. तबक खाली ठेवून तिनं हात जोडले आणि ती आत गेली. मी ते तीनदा बघितलं. मग दुपारपर्यंत थांबलो आणि तिच्या पहाटे फोन केला, कारण मला दुसरी कुठली वेळच माहीत नव्हती.

तिनं पहिल्यांदा काय विचारावं? "ओटीपी आलाय का? थांब, फोन आणते."

"नाही गं, सहज केला."

"सहज?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "तुझा दाखला झाला म्हणं तिकडूनच. त्या फोनवर मेसेज आला होता. रिचार्जवाल्यानं वाचून दाखवला. बरं झालं हो. एवढ्या लांबनं यायचं, पाय सुजवून घ्यायचे." रागबिग काही नाही. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे आता दरवर्षी तिकडूनच होईल, व्हय?"

तिला कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. विचारायचं तोंड कुठं होतं? दिवाळी ऑक्टोबरात असो की नोव्हेंबरात, हा बाबा एक तारखेच्या पुढंच येतो आणि ओवाळून झालं की अलिबागला पळतो, हे न कळायला ती काय खुळी आहे? तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी माझ्यासाठी दोनदोनदा करंज्या तळत होती. मी "हो, तसंच होईल बहुतेक" असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, पेन्शन बंद झाली तेव्हाही नाही.

म्हणून गेल्या वर्षी मी ऑक्टोबरातलं तिकीट काढलं. दिवाळी ऑक्टोबरात होती. दाखल्याशी, बँकेशी काही संबंध नाही. ताईला चार दिवस आधी कळवलं, "भाऊबीजेला येतोय. अगदी भाऊबीजेच्याच दिवशी." ती "बरं" म्हणाली. मुंबईला उतरलो, रो-रो बोटीनं मांडव्याला आलो, तिथून रिक्षानं चौल. सगळ्या वाटेत मी लहान मुलासारखा खूश होतो. दहा वर्षांचं खोटं एका खेपेत फिटणार, असं मला वाटत होतं.

ताई ओटीवर बसली होती. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, तबक तयार. मी पाया पडलो. ती म्हणाली, "हातपाय धू, बस." मी पाटावर बसलो आणि टोपी घातली. पण तिनं निरांजन लावलं नाही. आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात तलाठ्याकडून काढलेला वाडीचा सातबारा, तिच्या आधारकार्डाच्या दोन प्रती आणि नवे काढलेले तीन फोटो. फोटोत तिनं डोक्यावरून पदर घेतला होता.

वडिलांच्या मागं वाडीवर आम्हा दोघांची नावं लागलेली आहेत. आमच्याकडं भावानं सांगितलं की बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडतात. हक्कसोड करतात. भाऊ सांगायला येतो तो अशाच सणासुदीला, गोडधोड खाऊन झाल्यावर.

"रजिस्टर ऑफिस आज बंद असंल," ती म्हणाली. "उद्या जाऊ. पण कागद आताच तुझ्या हातात देते. एकदा ओवाळलं की मग बहिणीनं द्यायचं नसतं, घ्यायचं असतं. माझं काय, मी आहे तवर मला इथंच राहू दे, एवढं फक्त लिहून घे."

"ताई," मी म्हटलं, "अगं, मी वाडीसाठी नाही आलो. शपथेवर सांगतो. मी नुसता भाऊबीजेला आलोय."

तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पाठीवरून हात फिरवला.

"लाजू नको रं," ती म्हणाली. "कागदाशिवाय तू कधी आलायस?"