पुलावरची क्लेमांस

पॅरिसच्या श्रीमंतांना हिवाळा फार आवडायचा, अर्थात भिंतीवर टांगलेला. बर्फातला पूल, कुडकुडणारा गाडीवान, टोपली घेतलेली धोबीण, असली चित्रं शेकोटीवर लावली की त्यांना ऊब अधिकच गोड लागे. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापण्यात अँसेल्म रूबोचा जन्म गेला. पत्र्याला शाई फासायची, ती नुसती कोरलेल्या रेघांत उरेल अशी फडक्यानं पुसायची आणि शेवटचा हात उघड्या तळव्यानं फिरवायचा. फडकं कोणीही मारतं, पण अँसेल्मचा तळवा छापखान्यात नावाजलेला होता.

त्या फेब्रुवारीत एक नवा पत्रा आला. अँसेल्मनं पहिला कागद उचलला आणि उजेडात धरला. टोपली कमरेवर घेऊन, एक खांदा वर काढून पुलावरून चाललेली ती पोरगी म्हणजे धोबीणकाम करणारी त्याची लेक क्लेमांस होती. छातीच्या दुखण्यानं ती गेली त्याला महिनाही झाला नव्हता, आणि तिचं दुसरं चित्र जगात नव्हतं.

मालक बुश्रोकडे त्यानं तो कागद मागितला. बुश्रो माणूस वाईट नव्हता, पण रिवाजाचा पक्का. पहिले कागद गिऱ्हाइकांचे आणि शेवटचा छापणाऱ्याचा, हे नव्या लोकांना तूच शिकवतोस ना, असं म्हणून त्यानं पाठ थोपटली. कागद तर मोजूनच हातात येत, गुपचूप एखादा जास्तीचा छापायची सोय नव्हती.

अँसेल्मनं पत्रा तिरपा धरून पाहिला. पूल तेजाबानं खोल कोरलेला होता, त्यानं कितीही कागद सोसले असते. पोरगी मात्र चित्रकारानं मागाहून सुईनं वरवर ओरखडली होती. दर पुसण्यासरशी ती झिजणार होती. म्हणून त्यानं हात हलका ठेवला, तर कागद काळपट निघाले. बुश्रोनं ते फेकून देऊन पुन्हा छापायला लावले. लेकीला जपायला गेला आणि पुसणंच वाढवून बसला.

घरी बायको, फिलोमेन, रोज विचारायची, आणलास का? शेवटचा आपलाच आहे, एवढंच तो सांगायचा. आधी क्लेमांसची पावलं गेली, मग टोपली, मग तोंड.

शेवटचा कागद त्यानं बायकोच्या हातात दिला. तिनं तो खिडकीशी नेऊन बराच वेळ धुंडाळला. बर्फ होता, कठडा होता.

"कुठं होती रे?"

त्यानं बोट ठेवलं. तिथं करडा डाग होता.

"मग कुणी पुसली?"

"मीच. याच हातानं."

फिलोमेननं कागद बाजूला ठेवला. जेवायचं म्हणून तो हात धुवायला उठला, तर तिनं त्याचं मनगट धरलं.

"आज नको धुऊस, म्हाताऱ्या," ती म्हणाली, आणि तो शाईनं माखलेला तळवा तिनं आपल्या गालावर दाबून धरला.