टॅपेंडननं उंच धरलेलं पान

एमॉस टॅपेंडनला भुतांचा वीट आला होता. रॉम्नीच्या पाणथळीतल्या त्याच्या गावात हिवाळाभर दर गुरुवारी संध्याकाळी शाळेत वाचन असे, एका पेनीच्या तिकिटात. जुन्या विनोदी दंतकथांचं आणि भुतांचं ते एकच सचित्र पुस्तक चर्चचा हा म्हातारा सेवक एकतीस वर्षं वाचत होता. आपलं तुटलेलं डोकं समजून खांद्यावर कोबीचा गड्डा बसवणारा सरदार तर गावाला तोंडपाठ होता, तरी दर वेळी तोच हवा.

तीन वर्षांपूर्वी एमॉसची नजर गेली. वाचन सोडलं असतं तर बिंग फुटलं असतं, चाकरी गेली असती आणि चाकरीबरोबर राहतं घरही. म्हणून तो पाठ म्हणायचा. प्रत्येक चित्रावर पातळ कागद असे. तो बोटांना लागला की पुस्तक उंच धरायचं. मग गावानं आधी किंचाळायचं, नंतर हसायचं, असा रिवाजच होता.

यंदा पाद्रीणबाईंनी पुस्तक नव्यानं बांधून आणलं. गुरुवारी सरदार कोबीच्या वाफ्यापाशी पोचला, पण पातळ कागद काही हाताला लागेना. दोन पानं झाली, चार झाली. एमॉस पाठ म्हणत पानं चाचपत राहिला. शेवटी हाती आलं ते पान त्यानं उंच धरलं.

"अगं बाई, काय मेला भयंकर!" पुढच्या बाकावरून त्याची शेजारीण हेस्टर बूर्मन किंचाळली. पाठोपाठ सगळी शाळा किंचाळली, मग हसली.

लोक उठल्यावर पाद्रीणबाई जवळ आल्या. "सांगायचं राहिलंच हो. बांधणाऱ्यानं चित्रं सगळी शेवटी नेऊन घातलीत."

त्या गेल्यावर एमॉसनं विचारलं, "हेस्टर, मी काय दाखवलं गं?"

"नुसती अक्षरं."

"मग ओरडलीस कशाला?"

"तुला दिसत नाही हे ठाऊक असून तीन वर्षं आम्ही सगळे ओरडतोय. कधी भलत्याच गोष्टीतलं चित्र दाखवतोस. तुझं घर गेलं तर माझ्याच दारात येऊन बसशील ना!"

"आणि पाद्रीबाबा?"

"ते तर सगळ्यांत मोठ्यांदा ओरडतात."

घर वाचलं होतं. एमॉसला हायसं वाटलं. पण एक दिवस आपण पकडले जाऊ आणि मग निवांत बसायला मिळेल, अशी आशाही त्यानं मनात धरली होती.

"म्हणजे आता सोडलं तरी चालेल?"

"सोडतोस कसा? पुढच्या गुरुवारी माझी नातवंडं यायचीत."

एमॉस मटकन बाकावर बसला आणि त्याला रडूच आलं. सगळ्या गावाचा एवढा जीव होता त्याच्यावर. आता मरेपर्यंत सुटका नव्हती.