खताच्या पोत्याची गाळणी

नारू मी लहानपणीच पाहिला होता, शेजारच्या काकूंच्या घोट्यातून निघताना. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. तुटला की पाय सुजायचा, आणि ऐन कापूस वेचणीत बाई खाटेवर. त्यामुळे पुढे आदिलाबादला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा आपण योग्य जागी आलो, असं मला मनापासून वाटलं होतं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमचं गाव आदिलाबादजवळच्या बेल्याकडचं, पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं. पाण्यात पाय बुडवूनच घागर भरावी लागे, म्हणजे एकाच्या पायातला नारू सगळ्या गावाच्या पाण्यात. नारूची पिल्लं पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात राहतात. पिसू गाळली की नारू अडला. म्हणून दुहेरी सुती फडक्यातून पाणी गाळा, असं आम्ही गावोगाव सांगत फिरायचो.

बायका ऐकून घ्यायच्या आणि हसायच्या. गाळाने फडकं बुजायचं, पाणी थेंबथेंब उतरायचं. माझी मोठी बहीण गावातच दिलेली. ती तोंडावर म्हणाली, "साहेब, तुह्या फडक्यातून रांजण भरेपर्यंत माही सासू वावरात जाऊन, निंदून, वापस येते. अन् आल्यावर मले धरते."

त्याच उन्हाळ्यात मला युक्ती सुचली. खत तेव्हा प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांत येऊ लागलं होतं. पांढरी पोती, वर हिरवा छापा. कापूसवाल्या प्रत्येक घरात त्यांचा ढीग. पोतं उसवायचं, धुवायचं, दुहेरी करून रांजणाच्या तोंडाला बांधायचं. पाणी भराभरा उतरे, गाळ वर राही. प्रयोगशाळेत आणून मी ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकही पिसू नाही. मी पिसूच शोधत होतो. दुसरं काही शोधायचं असतं, हे डोक्यातही आलं नाही.

गाळणी पसरली. आमचे साहेब तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचे. गुडीहत्नूर गावच्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "ये देखो हमारे पोतेवाले!" टाळ्या पडल्या. नाव चिकटलं. आमच्या घरात कुणासाठी टाळ्या पडल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

नंतरच्या एका उन्हाळ्यात बहिणीकडे गेलो. रांजणावर अजून तेच पोतं, तिच्या बोलीत चुंगडी. रोज पिळून ती ते कुंपणाच्या काट्यांवर वाळत घाले, म्हणजे दिवसभर उन्हात. त्या दिवशी तिने ते सोडलं, झटकलं, आणि तिच्या तळव्यांना पांढरा चुरा लागला.

"पाह्य ना भाऊ, तुही चुंगडी पीठ सांडून राह्यली," ती हसत म्हणाली आणि हात लुगड्याला पुसले. तिची धाकटी नुकती चालू लागली होती. तिने पेला पुढे केला आणि बहिणीने तो रांजणातून भरून तिला दिला. पोरगी घटाघटा प्यायली.

मी बाटलीभर पाणी सोबत घेतलं. का, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गाळणकागदातून काढलं आणि कागद भिंगाखाली ठेवला. आधी वाटलं, भिंगावरच काही पडलंय. पुसलं. पुन्हा पाहिलं. चपट्या, चकचकीत पट्ट्यांचे तुकडे, टोकं पिंजलेली. कागद सरकवावा तिथे तेच. सुईचं टोक तापवून एकाला लावलं तर तो आकसून गोळा झाला. सुती धागा असा आकसत नाही. आणि मग एका कपचीवर कडेला हिरवा रंग दिसला. पोत्याच्या छाप्याचा रंग.

घाण अडवायला बांधलेली गाळणीच पाण्यात उतरत होती. आणि ती मी बांधली होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं. मी भिंगातून डोळा काढला नाही. डोळ्यांपुढे तो पेला होता.

मग मी नियमाप्रमाणे ब्लँक केला. म्हणजे नमुना न घालता नुसतं शुद्ध पाणी त्याच भांड्यांतून, त्याच कागदातून गाळायचं. आपली स्वतःची घाण किती, ते त्यातून कळतं. ब्लँकच्या कागदावर निळे तंतू सापडले. मी मान खाली घालून बाहीकडे पाहिलं. अंगात निळा टेरिलीनचा शर्ट होता.

साहेबांना मी बोलावलं ते तो ब्लँकचा कागद दाखवायला. बहिणीच्या पाण्यात काही धागे दिसतात आणि ब्लँकमध्येही दिसतात, एवढंच सांगितलं. ते भिंगात वाकले आणि मोठ्याने हसले. "अरे पोतेवाले, ये तो तुम्हारी कमीज है! चलो, चाय पिलाओ." मीही हसलो. हिरवी कपची असलेला कागद बाजूच्या बशीत झाकलेला होता. चहाहून परत आल्यावर मी तो नळाखाली धरला.

निळा गोल तंतू आणि पांढरी चपटी पट्टी यांतला फरक मला कळत होता. ब्लँकमध्ये पट्टी एकही नव्हती. तरी सगळं शर्टाचंच, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मला पोतेवाले राहायचं होतं. सांगितलं असतं तर त्याच नावाने सगळे हसले असते.

पुढच्या वेळी बहिणीने विचारलं, "भाऊ, पानी नेलं होतं ना? चांगलं हाय ना?"

"चांगलं हाय," मी म्हणालो.

हातपंप आले, नारू गेला, पोती आपोआप सुटली. पुढे मी नोकरीतच राहिलो आणि बऱ्याच वर्षांनी त्या चुऱ्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, हे कळलं. आता आम्ही नदीच्या पाण्यात, तळ्याच्या गाळात तेच शोधतो. काम करताना अंगावर सुतीच कपडे हवेत, असा आमच्यात नियम आहे, म्हणजे शर्टाचा तंतू आणि नमुना यांची गल्लत होऊ नये. तो नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. ज्या ब्लँक चाचणीने ही गल्लत टाळायची, तिच्याच आधाराने मी ती केली होती. त्या पाण्याने कुणाला काही झालं का, मला माहीत नाही. अजून कुणालाच ते नीट सांगता येत नाही.

साठी जवळ आल्यावर, यंदा, बहिणीला सगळं सांगितलं. शर्टाचंही, कपचीचंही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. तिची ती धाकटी, आता दोन पोरांची आई, आत भाकरी थापत होती. बहिणीने एकदा आत पाहिलं.

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?" ती म्हणाली. "पुन्हा फडकंच बांधलं असतं. हळू उतरते, तर उतरते. सासूच्या चार शिव्या जास्त खाल्ल्या असत्या."

मी हातातला रिकामा पेला खाली ठेवला.

"फडकं तर घरातच होतं, भाऊ," ती म्हणाली, आणि मला पाणी आणायला उठली.