धुरपताबाईंचा बॅटरीपंप

सेलूजवळच्या एका गावात अर्धा एकर मिरची करणाऱ्या धुरपताबाईंना "काऊन", म्हणजे "का", विचारायची भारी खोड. डॉक्टरांनी गोळी दिली तरी ती पोटात जाऊन नेमकं काय करते, हे कळल्याशिवाय बाई पाण्याचा पेला उचलत नसत. नवऱ्याच्या माघारी वावर त्यांनीच सांभाळलं. खांदा दुखावला आणि हातानं दांडा मारायचा फवारणीपंप झेपेना, तेव्हा त्यांनी पाठीवरचा बॅटरीपंप घेतला.

यंदा पहिल्याच फवारणीला पंप मुका. सकाळभर चार्जरला लावून ठेवला, पण दिवा काही लागेना. इकडे मिरचीची पानं चुरडायला लागलेली. धाकटा दीर ताराचंद बांधावरूनच म्हणाला, "वैनी, आता तुमच्यानं होत नाई. वावर मले करू द्या."

पंप घेऊन त्यांनी थेट सेलूतलं कैलासचं पंपदुरुस्तीचं दुकान गाठलं. त्यानं मीटर लावून पाहिलं.

"मेली बॅटरी, मावशी. नवीन लागन."

"काऊन मेली?"

"मागच्या साली ठेवताना काय केलं होतं?"

"रिकामा केला ना! उरलं औषध काढलं, धुतला, उलटा टांगला. बॅटरीबी पार संपू देली. भरला पंप कोणी ठेवते का?"

कैलासनं कपाळाला हात लावला. टाकी रिकामी ठेवायची, बॅटरी नाही! लिथियमची बॅटरी नुसती पडून असली तरी थोडीथोडी उतरत राहते. आधीच तळ गाठलेला असला, की आतून बिघडते. निम्मी भरून सावलीत ठेवायची आणि दोन-दोन महिन्यांनी बघायची.

"मंग पूर्ण काऊन नाई भरायची?"

"भरून पडून राह्यली तं लवकर म्हातारी होते. उन्हात तं विचारूच नका."

"अन् हिलेच जबरदस्तीनं भरली तं?"

"पेट घेईन, मावशी. ते काम मी नाई करत."

नवी बॅटरी नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. तोवर मिरची हातची गेली असती. बाई पंप उचलून निघाल्या. कैलासला ते बघवेना. त्यानं स्वतःच्या पंपातली बॅटरी काढून त्यांच्या पंपात बसवली.

"लोक मले निस्तं 'केवढ्याले' विचारतात. काऊन मेली, हे कोणीच विचारत नाई. नवी आली की परत आणून देजा."

मिरची वाचली, आणि चांगली लागली. बॅटरी काऊन मेली, हे बाईंनी गावात भेटेल त्याला सांगितलं. हंगाम सरल्यावर एक दिवस ताराचंद ओट्यावर येऊन घसा खाकरू लागला. वावराचाच विषय काढणार, म्हणून बाई सावरून बसल्या. त्यानं पाठीमागे धरलेला स्वतःचा बॅटरीपंप पुढे केला.

"वैनी, हा आता ठेवून द्याचा हाय. बॅटरी किती भरून ठेवू?"

बाईंना इतकं बरं वाटलं, की उत्तर द्यायच्या आधी त्यांनी चहा टाकला.