शास्त्राची तोंडी परीक्षा

सांगलीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात मी नर्सिंग शिकत होते, तेव्हा आठवड्यातून दोनदा आम्हाला पवित्र शास्त्राचा तास असे. आम्ही बहुतेकजणी हिंदू घरांतल्या. पण दवाखाना त्यांचा, वसतिगृह त्यांचं, तेव्हा शास्त्रही त्यांचंच. वर्षाअखेरीच्या तोंडी परीक्षेत पास झाल्याशिवाय पुढे घेत नसत. माझी त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती शास्त्राच्या बाईंच्या मराठीला.

या बाई साताऱ्याच्या, आजोबांपासून ख्रिस्ती, आणि बोलणं सगळं छापील. बरं, ते तासापुरतंही नाही. चहा गार झाला की त्या आचाऱ्याला सांगत, ‘हा मजकरिता पुन्हा उष्ण करून आणावा.’ आचारी गंभीरपणे मान हलवून आत जाई आणि तोच चहा परत घेऊन येई. आम्ही पोरींनी ती भाषा उचलली. आमटी खारट झाली की कुणीतरी वाटी उंच धरून म्हणे, ‘पाहा, ही लवणाने भरली आहे.’ मी मास्तरांची मुलगी. हसत असे, पण त्यातही कुणी चुकीची विभक्ती लावली तर मला राहवत नसे.

तासाला लक्ष कुणाचंच नसे. खिडकीखालून उसाच्या गाड्या जात, समोर कंपाउंडरचा रेडिओ चालू असे. गाणं लागलं की अर्धा वर्ग पायाने ठेका धरी. माझ्या खोलीत राहणारी फलटणकडची मुलगी मात्र गाण्यांना ढिम्म, आणि बातम्या लागल्या की तिचे कान तिकडे. बाईंनी दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू येत नसे.

तिचा नवरा फौजेत होता. बांगलादेशच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याचं कळलं होतं. मेल्याचं कुणीच कळवलं नव्हतं. कैद्यांची सुटका चालू होती, नावं येत होती, आणि ही त्या नावांसाठी जीव कानात आणून बसायची. घरच्यांनी काही महिने वाट पाहिली. मग सासऱ्यांनी मुलाचं दहावं घातलं आणि हिचा धाकट्या दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं ठरवलं. आमच्याकडे फौजी घरांत तसं होई, त्यात वाईट हेतू नसे. सून घरातच राहावी एवढंच. हिने कुंकू पुसलं नाही आणि हट्टाने इथे आली. सासू ना मधे पडली ना विरोधात गेली. सासऱ्यांनी मात्र बजावलं होतं, नर्स झालीस तर तुझं तू बघ, नापास झालीस तर मुकाट्याने घरी यायचं आणि पाट लावून घ्यायचा.

बाकी विषयांत ती माझ्यापेक्षा हुशार होती. शास्त्रात अडायची, म्हणून तिला तयार करायचं काम मी अंगावर घेतलं. बाईंची एक आवडती गोष्ट होती, ती त्या हमखास विचारत. परमुलखातली एक तरणी विधवा सासूला सोडत नाही, तिच्याबरोबर तिच्या गावी जाते, कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचून दोघींचं पोट भरते, आणि शेवटी सासरच्याच नात्यातला शेताचा मालक तिच्याशी लग्न करतो. मी तिच्या ‘हाय’चं ‘आहे’ करत बसले. दर वेळी लग्नापाशी आलो की तिला वाळत घातलेलं लुगडं आठवे. मी वैतागायचे. मला वाटायचं, कंटाळा करतेय.

परीक्षेला आम्हाला दोघी-दोघींना आत बोलावलं. बाईंनी तिला तीच गोष्ट विचारली. मी शिकवलेलं सगळं सोडून ती थेट तिच्या भाषेत सुरू झाली. सासू कशी पोरीला माघारी जा म्हणाली, पोर कशी हटली नाही, उन्हात सांडलेल्या कणसांचा सरवा वेचताना पाठ कशी धरते, हे तिने असं सांगितलं की बाई चष्मा काढून ऐकत राहिल्या. मग ती थांबली.

‘पुढे काय घडले?’ बाईंनी विचारलं.

‘पुढं मी सांगायची न्हाई.’

बाईंनी समजावलं, की शेवट सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. दोन वाक्यांवर सगळं आलं होतं, आणि ती दोन वाक्यं तिला पाठ होती.

‘आवं बाई, तिचा नवरा मेलेला हुता,’ ती म्हणाली. ‘गोष्टीत तसं पयल्यांदाच सांगितलंय. माजा मेल्याला न्हाई. मला नापास करा.’

बाईंनी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग अगदी साध्या मराठीत म्हणाल्या, ‘जा बाळ, झालं तुझं.’ नंतर मी तीच गोष्ट शेवटापर्यंत, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकवता सांगितली, आणि मला तिच्याइतकेच गुण मिळाले. त्याचा मला आठवडाभर राग होता.

निकालानंतर दुपारी तिची सासू वसतिगृहाच्या फाटकाशी आली, हातात कपड्यांचं गाठोडं. आम्हाला वाटलं, सुनेला न्यायला आली. ही घाबरून माझ्या मागे उभी राहिली. घरी काय झालं, दिराचं काय ठरलं, हे मीच विचारलं. दिराला दुसरीकडे मुलगी बघितल्याचं सासूने सांगितलं. मग गाठोडं कशासाठी, तेही विचारलं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलंच नाही. सुनेला म्हणाली, ‘घरात समद्यांनी त्याला मारून टाकला, पोरी. त्याचं नाव काडलं तरी गप बसवत्यात. तुज्यापाशी त्यो अजून जित्ता हाय. मला हितंच ऱ्हाऊ दे.’