वसुधाताईंचा स्टर्जन

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका डेंटल लॅबमध्ये वसुधा मुंडले मेणाचे दात घडवायच्या. त्या मेणाच्या जागी मग धातू ओतला जाई. अकरा वर्षं हेच काम. १९८४ साली नदीकाठच्या बागेत ब्राँझचा सात फुटी मासा बसवायचं ठरलं, तेव्हा बागेच्या कमिटीतल्या डेंटिस्टबाईंनी त्यांचंच नाव सुचवलं. नाही म्हणायचं ठरवून गेलेल्या वसुधाताई हो म्हणून आल्या. का, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही.

मासा स्टर्जन जातीचा हवा होता. लायब्ररीत त्याचा एकच अंधुक फोटो मिळाला. नवरा श्रीरंग गाडी बाहेर बर्फात लावू लागला आणि गॅरेजमध्ये लोखंडी पाइप आणि जाळीचा सांगाडा उभा राहून त्यावर माती चढली. माहेरी मासे शिजत नसत, पण नागपूरच्या बाजारात पाहिलेले रोहू त्यांना आठवत होते. त्यांच्यासारखे खवले त्यांनी तीन महिने मातीत एकेक करून उठवले.

फेब्रुवारीत शेजारचे वॉल्टर बघायला आले. त्यांचा जन्म मासेमारीत गेलेला.

"मासा सुंदर आहे," ते म्हणाले, "पण स्टर्जनला असे खवले नसतात."

शनिवारी ते वसुधाताईंना चार तास ड्राइव्ह करून उत्तरेच्या एका गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेले. तिथे बर्फावर नुकताच पकडलेला स्टर्जन पडला होता. राखाडी, पाठीवर हाडांच्या ढालींची रांग, तोंड पार खाली, पुढे मिशा. वसुधाताई त्याच्याभोवती दोनदा फिरल्या. हा मासा आहे हेच त्यांच्या मनाला पटेना.

कमिटीला फोन केला, तर खवले राहू द्या, लोकांना मासा असाच आवडतो, असं उत्तर आलं. दोन आठवडे गॅरेज बंद राहिलं.

"तुला नक्की काय करायचंय?" श्रीरंगने विचारलं.

"मला कळत नाहीये. कमिटीचा मासा वेगळा, बर्फावरचा वेगळा, आणि मी केलेला तर कुणाचाच नाही."

एका रविवारी त्या नुसत्या बघायला म्हणून आत गेल्या. संध्याकाळी श्रीरंग बोलवायला आला, तेव्हा सगळे खवले खरवडून झाले होते आणि त्या पाठीवर पहिली ढाल बसवत होत्या. कमिटीला त्यांनी तसं कळवलं. कुणी हरकत घेतली नाही, त्यामुळे त्या आणखीच गोंधळल्या.

धातू ओतण्याच्या फाउंड्रीत मातीच्या माशाचे तारेने चार तुकडे केले. त्यांचे साचे निघाले आणि माती परत बादलीत गेली. माझा मासा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तर कामगाराने चार पांढरे साचे दाखवले.

सप्टेंबरात ब्राँझचे चार तुकडे जोडून मासा बागेत बसला. सांधे कुठे होते ते शोधूनही दिसेना. वॉल्टर ढालींवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. ही मगर आहे का, असं एका छोट्या मुलीने वसुधाताईंना विचारलं. त्यांनी मासा म्हणून सांगितलं. मुलीला ते पटलं नाही, पण ती त्याच्या पाठीवर चढून बसली आणि आई हाका मारत राहिली तरी उतरेना.